ख्रिस्ती नेतृत्व आणि अधिकारप्रदान : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात ख्रिस्ती मिशनांचे कार्य सुरू झाले. या कार्यात स्थानिक ख्रिस्ती कार्यकर्त्यांकडे कामे लवकर सोपविण्यात आली. परंतु निर्णय, पैसा व नेमणूक यांसंबंधीचे अधिकार त्यांच्याकडे फार उशिरा आले. काम सोपविणे, अधिकार सोपविणे आणि तो अधिकार पदाशी कायमचा जोडणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, हे अकोला-अमरावती परिसर आणि त्याच्या शेजारील मराठी प्रदेशाच्या इतिहासातून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात या तीन पायऱ्यांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

बीजशब्द : वऱ्हाड, अकोला, मिशन, अधिकारप्रदान, पाळक, स्वावलंबी चर्च

१. प्रस्तावना

अधिकार सोपविणे म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या जनतेला वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. इ.स. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा प्रदेश हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला. राज्याची मालकी निजामाची आणि वहिवाट इंग्रजांची, अशी ही व्यवस्था होती. सरकारी दप्तरात या मुलखाचे नावच 'हैदराबाद संस्थानचे सोपविलेले जिल्हे' असे होते. पुढे १९०२ च्या कराराने दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात हा प्रदेश इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडण्यात आला. मालकी एकाची व वहिवाट दुसऱ्याची असली, तर वहिवाट करणाऱ्याच्या हाती सर्व कामकाज असूनही अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

याच कालखंडात याच प्रदेशात ख्रिस्ती मिशनांचे कार्य रुजले. त्या कार्यातही मालकी आणि वहिवाट यांचा हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. गावोगाव फिरून उपदेश करणारे, शाळा चालविणारे, दुष्काळात अनाथांची देखभाल करणारे बहुसंख्य कार्यकर्ते मराठी होते. त्यांच्या नेमणुका, पगार, बदल्या आणि मिशनची जमीन व इमारती यांविषयीचे निर्णय मात्र परदेशी मिशनऱ्यांच्या समित्यांत होत. ख्रिस्ती नेतृत्वाचा इतिहास लिहिताना व्यक्तींच्या सेवाभावावर भरपूर लिहिले जाते. परंतु त्या व्यक्तींच्या हाती नेमका कोणता अधिकार होता, याचा विचार तुलनेने कमी होतो. तो विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) ख्रिस्ती परंपरेतील अधिकारप्रदानाची संकल्पना स्पष्ट करणे.
(२) मराठी मुलखात, विशेषतः वऱ्हाड व त्याच्या शेजारच्या प्रदेशात, ही संकल्पना व्यवहारात कितपत उतरली, हे तपासणे.
(३) स्वातंत्र्योत्तर काळातील बदलांचे या दृष्टीने मूल्यमापन करणे.

२. संकल्पनेचे स्वरूप

ख्रिस्ती विचारपरंपरेत अधिकारप्रदानाचे मूळ पवित्र शास्त्रातील दोन प्रसंगांत शोधले जाते. पहिला प्रसंग निर्गम या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्यास हजार, शंभर, पन्नास व दहा माणसांवर प्रमुख नेमण्याचा सल्ला देतो. लहान प्रकरणांचा निकाल या प्रमुखांनी द्यावा आणि अवघड प्रकरणे तेवढी मोशेपुढे आणावीत, अशी ही रचना होती. येथे प्रमुखांची निवड मोशे स्वतः करतो. अधिकार वरून खाली येतो आणि त्याचे प्रमाणही वरूनच ठरते.

दुसरा प्रसंग 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार निर्माण झाली. प्रेषितांनी तक्रारीची चौकशी स्वतःकडे ठेवली नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसे निवडण्यास सांगितले आणि निवडलेल्यांवर हात ठेवून त्यांना त्या कामाचा अधिकार दिला. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, ही गोष्ट अभ्यासकांनी महत्त्वाची मानली आहे. ज्या गटाची तक्रार होती, त्याच गटातील माणसांच्या हाती वाटपाची व्यवस्था गेली, असा त्याचा अर्थ लावता येतो. येथे निवड खालून होते आणि मान्यता वरून मिळते.

या दोन नमुन्यांतील फरक मूलभूत आहे. पहिल्यात नेत्याचा भार हलका होतो, तर दुसऱ्यात समाजाची रचनाच बदलते.

कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १३१ व्या कलमात आणखी एक उपयुक्त भेद केलेला आहे. जो अधिकार कायद्याने पदाशीच जोडलेला असतो तो पदसिद्ध अधिकार, आणि जो पदामुळे नव्हे तर व्यक्तीला म्हणून दिला जातो तो प्रदत्त अधिकार. पदसिद्ध अधिकार त्या पदावर येणाऱ्या पुढील व्यक्तीकडे आपोआप जातो. व्यक्तीला दिलेला अधिकार मात्र परत घेता येतो आणि त्या व्यक्तीबरोबर संपुष्टातही येऊ शकतो. शासनव्यवहारात ज्यास आपण 'अधिकारांचे प्रत्यायोजन' म्हणतो, त्यातही हा भेद अनुभवास येतो. मिशनकालीन इतिहास समजून घेण्यासाठी ही कसोटी विशेष उपयोगी पडते.

३. मराठी मुलखातील पूर्वानुभव

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. पहिल्या दोन दशकांत नगरच्या मंडळीची धुरा मिशनऱ्यांकडेच होती. १८५४ मध्ये मिशनच्या बोस्टन येथील मुख्य मंडळाचे सचिव रुफस अँडरसन भारतभेटीस आले. अँडरसन आणि इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन या दोघांचा जन्म १७९६ मधला. या दोघांनी स्वतंत्रपणे एकच विचार मांडला होता : स्थानिक चर्च स्वतःचा कारभार स्वतः करणारे, स्वतःचा खर्च स्वतः भागविणारे आणि स्वतःचा प्रसार स्वतः करणारे असावे. मिशन ही तात्पुरती मचाण असून इमारत उभी राहिल्यावर ती काढून घ्यावयाची असते, असा या विचाराचा रोख होता.

अँडरसन यांच्या भेटीच्या काळात, १८५४ मध्येच, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगर येथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व मोठे आहे. या दोघांना दिलेले पाळकपद मंडळीशी जोडलेले होते. त्यांच्यानंतर दुसरा पाळक येणे स्वाभाविक होते. प्रदत्त अधिकार पदात रूपांतरित होण्याचा हा प्रारंभ होता. तथापि, त्याच भेटीत मिशनने इंग्रजीऐवजी देशी भाषेतील शिक्षणावर भर द्यावा, असेही धोरण पुढे आले. स्थानिक मंडळीस स्वायत्तता द्यावी हा विचार आणि तिच्या मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे हा निर्णय, हे दोन्ही बोस्टनकडूनच आले. अधिकार देणाऱ्यानेच त्याची मर्यादाही ठरविली.

वऱ्हाडच्या दक्षिण सीमेलगत असलेल्या जालना येथील नारायण शेषाद्री यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. ब्राह्मण कुटुंबातील शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या प्रकरणावरून मुंबईत कोर्टाचा खटला झाला आणि त्यास पुन्हा जातीत घेण्याच्या प्रश्नावर बाळशास्त्री जांभेकरांनी घेतलेली भूमिका प्रसिद्ध आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने १८५४ मध्ये नारायण शेषाद्रींना दीक्षा दिली. पुढे त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तेथे आलेले बहुतेक लोक गावगाड्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे, विशेषतः मांग समाजाचे होते.

शेषाद्री यांना मिळालेले स्वातंत्र्य त्या काळात अपवादात्मक होते. जमीन त्यांच्या प्रयत्नातून मिळाली होती आणि निधी गोळा करण्याची क्षमताही त्यांच्याकडे होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते उपस्थित राहिले. म्हणजेच मिशनच्या पगारावर व निर्णयावर त्यांचे कार्य सर्वस्वी अवलंबून नव्हते. स्थानिक नेतृत्वाच्या हाती साधने आली की ते काय उभे करू शकते, हे बेथेलने दाखविले. परंतु हे सामर्थ्य बव्हंशी एका व्यक्तीच्या कर्तृत्वाशी निगडित होते. १८९१ मध्ये शेषाद्री यांचे निधन झाले. त्यांच्या योग्यतेचा व त्यांच्याइतका अधिकार असलेला मराठी उत्तराधिकारी त्यांच्या जागी उभा राहिला नाही. मोशेला इथ्रोने दिलेला सल्ला परदेशी मिशनऱ्यांइतकाच स्थानिक नेत्यांनाही लागू होता, असे यावरून म्हणावे लागते.

४. अकोला आणि दुष्काळाचा काळ

वऱ्हाडात अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेच्या कार्याचे प्रमुख केंद्र बनले. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या दोन संस्थांच्या एकत्रीकरणातून १८९७ मध्ये ही संस्था आकारास आली. अकोल्यातील कार्याशी मार्कस फुलर आणि जेनी फुलर या दांपत्याचे नाव जोडलेले आहे. जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेला ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशनने आपले केंद्र उभारले. अशा रीतीने वेगवेगळ्या मिशनांनी वऱ्हाडचे क्षेत्र आपसांत वाटून घेतले. कोणत्या तालुक्यात कोणत्या मिशनने काम करावे, याविषयीचे असे करार मिशनऱ्यांमध्ये होत. त्या तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंबांना त्यात मत नसे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या कार्याचे स्वरूप बदलून टाकले. कापसाच्या पिकामुळे वऱ्हाड सधन मानला जाई. पण कापसाचा पैसा सावकार, अडते व मोठे जमीनदार यांच्याकडे जात असल्याने मजूर व लहान शेतकरी दुष्काळापुढे निराधार ठरले. मिशनांनी अनाथाश्रम उघडले व मुलामुलींना अन्न, निवारा, शिक्षण आणि हातांना काम दिले. मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुली व विधवा यांना पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आणले, तोही हाच काळ. या कार्याने असंख्य जीव वाचले, याविषयी शंका नाही.

नेतृत्वाच्या दृष्टीने मात्र या घटनेचा एक दूरगामी परिणाम झाला. अनाथाश्रमात वाढलेली मुले पुढे तेथील मंडळीचे सभासद, शिक्षक आणि उपदेशक झाली. त्यांच्या दृष्टीने मिशन हेच मायबाप होते. मायबापाशी वाद घालणे किंवा हिशेब मागणे त्यांच्या संस्कारात बसत नव्हते. दुसरीकडे, लहानपणी ज्यांना पदरी घेतले त्या मुलांच्या हाती खजिन्याची किल्ली द्यावी, हे मिशनऱ्यांच्याही सहज मनात येत नव्हते. मंडळीची गरिबी हे आणखी एक कारण होते. पाळकाचा पगार मंडळीने द्यावा हे अँडरसन-व्हेन यांचे तत्त्व मजुरी करणाऱ्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे होते. पगार मिशन देत असल्यामुळे पाळक मंडळीस जबाबदार न राहता मिशनला जबाबदार राहिला. स्वावलंबन नाही म्हणून अधिकार नाही, आणि अधिकार नाही म्हणून स्वावलंबनाची उमेद नाही, असे हे चक्र होते. वऱ्हाडातील ख्रिस्ती नेतृत्वाचा विकास मंद गतीने का झाला, याचे स्पष्टीकरण व्यक्तींच्या कुवतीपेक्षा या चक्रात शोधणे अधिक योग्य ठरेल.

५. अधिकाराची मागणी

विसाव्या शतकाच्या आरंभी हे चक्र भेदण्याचे प्रयत्न निरनिराळ्या ठिकाणी होऊ लागले. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत सुमारे बाराशे प्रतिनिधी होते. त्यांत आशियाई चर्चचे प्रतिनिधी वीसहूनही कमी होते. तेथे व्ही. एस. अझरया यांनी मिशनरी आणि भारतीय सहकारी यांच्यातील संबंधांविषयी केलेले स्पष्ट भाषण गाजले. मिशनरी त्याग करतात, दानही करतात, परंतु बरोबरीच्या नात्याने वागत नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. डिसेंबर १९१२ मध्ये अझरया हे दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चमधील ते पहिले भारतीय बिशप होत.

ही नेमणूक होताना आफ्रिकेतील एका घटनेचे स्मरण अनेकांना असणार. सॅम्युअल क्राउथर यांना १८६४ मध्ये नायजर प्रदेशाचे बिशप करण्यात आले होते. व्हेन यांचा त्यांना पाठिंबा होता. पण व्हेन यांच्या मृत्यूनंतर नव्या पिढीतील तरुण मिशनऱ्यांनी क्राउथर यांच्या सहकाऱ्यांवर कारवाई केली, त्यांचे अधिकार निष्प्रभ केले आणि १८९१ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्या पदावर युरोपीय व्यक्ती नेमली गेली. पद असूनही त्यामागचा आर्थिक व प्रशासकीय अधिकार दुसऱ्याच्या हाती असेल तर काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मराठी मुलखात या प्रश्नाला सर्वांत मूलगामी उत्तर नारायण वामन टिळक यांनी दिले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशके सेवा केली व 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त यांचा भारतीय पद्धतीचा बंधुसमाज असे तिचे स्वरूप होते. टिळकांनी मिशनकडे अधिक अधिकार मागितले नाहीत. ज्या पगारामुळे अधिकार दुसऱ्याकडे राहतो, तो पगारच नाकारला. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने या प्रयोगास पुरेसा अवधी मिळाला नाही. तरीही अधिकाराचे मूळ आर्थिक अवलंबनात आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले. शेषाद्री यांच्याप्रमाणे येथेही संस्थात्मक सातत्याचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

६. स्वातंत्र्योत्तर परिवर्तन

१९४७ नंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होते. या राज्याच्या सरकारने एप्रिल १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. समितीत एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती सदस्य होते. समितीने १४ जिल्ह्यांत दौरे केले व १९५६ मध्ये अहवाल दिला. धर्मांतराविषयीच्या तिच्या निष्कर्षांवर ख्रिस्ती समाजातून तीव्र आक्षेप घेतले गेले आणि तो वाद आजही संपलेला नाही. या लेखाच्या दृष्टीने त्यातील एक शिफारस लक्षणीय आहे : भारतीय चर्चनी परकीय मदतीवर न विसंबता एकत्रित व स्वतंत्र चर्च स्थापन करावे. रुफस अँडरसन ज्या तत्त्वाचा पुरस्कार करीत नगरला आले होते, जवळजवळ तेच तत्त्व शंभर वर्षांनी मिशनांच्या कठोर टीकाकारांनी त्यांच्यासमोर ठेवले. आपण होऊन जे द्यावयाचे ते वेळेवर दिले नाही, तर ते बाहेरच्या दडपणाखाली द्यावे लागते, असा याचा अर्थ होतो.

याच सुमारास वऱ्हाडात तीन महत्त्वाच्या घडामोडी झाल्या. १९५३ मध्ये यवतमाळ येथे निरनिराळ्या संप्रदायांच्या सहकार्याने युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. पाळक घडविण्याचे उच्च शिक्षण याच प्रदेशात उपलब्ध झाल्यामुळे नेतृत्वाची पुढील पिढी तयार करण्याचा पाया घातला गेला. ही संस्था १९८३ मध्ये पुण्यास गेली. तोपर्यंत तिचे प्राचार्यपद सफीर अथियाल यांच्यासारख्या भारतीय विद्वानाकडे आलेले होते. दुसरी घडामोड कॅथोलिक चर्चमधील आहे. मे १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा करून अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण करण्यात आला आणि त्याचे पहिले बिशप म्हणून जोसेफ रोझारिओ यांची नेमणूक झाली. १९९५ पर्यंत, चाळीस वर्षे, त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. येथे भारतीय नेत्यास मिळालेला अधिकार व्यक्तीवर मेहेरबानी म्हणून आलेला नव्हता. तो धर्मप्रांताच्या रचनेतच निहित होता आणि त्यांच्यानंतर तो सहजपणे पुढील बिशपांकडे गेला.

तिसरी घडामोड वऱ्हाडच्या शेजारी नागपूर येथे घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंघांच्या एकत्रीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. वऱ्हाडातील अलायन्स व फ्री मेथडिस्ट मंडळ्या या एकीकरणात सामील झाल्या नाहीत. त्यांनी आपापल्या संघटनांत स्थानिक नेतृत्व विकसित केले. मार्ग वेगळे असले तरी परदेशी समितीकडून भारतीय सभेकडे अधिकार जाण्याची दिशा एकच होती.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) काम सोपविणे म्हणजे अधिकार सोपविणे नव्हे. मिशनकाळात मराठी कार्यकर्त्यांकडे जबाबदाऱ्या भरपूर होत्या. पैसा, नेमणूक व मालमत्ता यांविषयीचा निर्णयाधिकार मात्र नव्हता. वहिवाट त्यांची व मालकी दुसऱ्याची अशी ही अवस्था होती.

(२) व्यक्तीला दिलेला अधिकार व्यक्तीबरोबर संपतो. शेषाद्री व टिळक यांचे कर्तृत्व असामान्य असूनही त्यास संस्थात्मक सातत्य लाभले नाही. नगरचे पाळकपद किंवा अमरावतीचे बिशपपद यांसारखा पदाशी जोडलेला अधिकार मात्र पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला.

(३) पदासोबत साधने नसतील तर पद नाममात्र राहते. क्राउथर यांचा अनुभव हेच सांगतो.

(४) वऱ्हाडात दुष्काळकालीन मदतकार्यातून निर्माण झालेल्या आश्रयदाता-आश्रित नात्याने अधिकारप्रदानास विलंब लावला. सेवेचा हेतू शुद्ध असला तरी तिच्यातून परावलंबन निर्माण होऊ शकते, हे मान्य करावे लागते.

(५) यरुशलेमच्या मंडळीने निवड लोकांवर सोपविली व मान्यता आपल्याकडे ठेवली. ख्रिस्ती नेतृत्वाचा हा मूळ नमुना मराठी चर्चच्या इतिहासात ज्या प्रमाणात स्वीकारला गेला, त्या प्रमाणात स्थानिक नेतृत्व फुलले.

या निष्कर्षांचे महत्त्व चर्चपुरते मर्यादित नाही. शिक्षणसंस्था, सहकारी संस्था व ग्रामपंचायती यांमध्येही समित्या नेमल्या जातात, प्रमुख निवडले जातात आणि तरीही निर्णय अन्यत्र होतात. मतभेदाच्या वेळी अखेरचा शब्द कोणाचा चालतो आणि प्रमुख बदलल्यावर त्याचा अधिकार त्याच्या उत्तराधिकाऱ्याकडे जातो की नाही, या दोन प्रश्नांवरून अधिकार खरोखर सोपविला गेला आहे का, याचा निर्णय करता येतो. वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजाला या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळण्यास जवळजवळ एक शतक लागले. इतर संस्थांच्या इतिहासाचा अभ्यासही याच दृष्टीने होणे आवश्यक आहे.